अ‍ॅपमध्ये न बसलेली मुलगी

अन्याय झाला तो देगलूरहून लातूरला नीटची तयारी करायला आलेल्या एका मुलीवर. परीक्षेच्या आधीच्या जानेवारीत, सोमवारी संध्याकाळपासून बुधवारी सकाळी साडेसातपर्यंत. अन्याय करणाऱ्यांत मी होते. हे आधी सांगते, कारण नंतर सांगायला लागलं की माणूस कारणं शोधतो.

क्लासच्या मागच्या गल्लीत एका तिमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ जणी राहायचो. एकेक खोली, एकेक पलंग, दार ओढलेलं. मी दोनदा रिपीट करून नीट सोडली होती, बीएस्सीला होते, विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे आणि छंद म्हणून अ‍ॅप बनवायचे. 'एकाकी विद्यार्थ्यांना वाली कोण?' असल्या मथळ्याची पत्रकं मी चौकात वाटलीत. माझ्याच मजल्यावर मात्र कुणाला कुणाचं गाव धड ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी बनवत होते त्या अ‍ॅपची कल्पना आईची. भूकंपानंतर ती पत्र्याच्या शेडात राहिली, लग्नाआधी. तिथं बायका सकाळी चूल पेटवायच्या आधी शेजारच्या शेडाकडं तोंड करून विचारायच्या, "उठलीस का गं?" उत्तर आल्याशिवाय चहाचं आधण ठेवायच्या नाहीत. मी तेच फोनमध्ये आणायला निघाले. सकाळी उठलं की बटण दाबायचं, ठिपका हिरवा होतो. नऊपर्यंत झाला नाही तर बाकीच्यांचे फोन वाजणार. खरं म्हणजे मलाच कुणीतरी विचारावं असं वाटत होतं. ते पत्रकात लिहिता येत नव्हतं.

पण तीन महिने गेले कशात? अँड्रॉइड की आयफोन, यात. सहा जणींकडं अँड्रॉइड, दोघी डॉक्टरांच्या मुली, त्यांच्याकडं आयफोन. आयफोनसाठी करायचं तर मॅक कॉम्प्युटर पाहिजे, माझा जुना लॅपटॉप तर चार्जर काढला की मरायचा. छंद म्हणून अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर मी रोज भांडायचे. कुणी म्हणे आधी एकच कर, कुणी म्हणे दोन्हीकडं चालेल असं लिही. मी दुसरं ऐकलं. आयफोनवर अ‍ॅप चढवण्यापुरता कॉलेजच्या एका मित्राचा मॅक मागून आणला. लई शहाणी झाल्यासारखं वाटलं.

क्लासचा नियम होता, स्मार्टफोन ठेवायचा नाही. सगळ्यांनी ठेवला होता, कुणी उशीच्या अभ्र्यात, कुणी पोह्याच्या डब्यात. नियम पाळला तो एकट्या देगलूरच्या मुलीनं. वडिलांकडं स्मार्टफोन देऊन बटणाचा फोन घेऊन आली होती.

एकदा नळावर तिनं विचारलं, "अक्का, तुमचं ते माझ्या फोनात येतंय का?"

"ह्याच्यात? ह्याच्यात सापाचा गेम खेळ तू!"

बाकीच्या हसल्या. तीही हसली. "मग मी न्हाई त्याच्यात," म्हणाली आणि बादली उचलून गेली.

त्या मंगळवारी अ‍ॅप पहिल्यांदा सगळ्यांच्या फोनवर चाललं. आठ हिरवे ठिपके. मी फोन हातात धरून गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. तिच्या दाराच्या कडीला मेसचे भरलेले डबे लटकत होते. सोमवार रात्रीचा एक, मग मंगळवारचे दोन. डबेवाला रिक्षावाला अडकवून निघून जायचा. मी त्या दारावरून किती वेळा गेले असेन!

बुधवारी डबे परत आले नाहीत म्हणून मेसवाल्या काकू स्वतः जिना चढून आल्या आणि ओरडल्या, "अगं तीन डबे जसेच्या तसे हायत! तुम्ही शिकलेल्या पोरी आंधळ्या हाव का?"

दाराला आतून कडीसुद्धा लावलेली नव्हती, नुसतं ओढलेलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. अंग भट्टीसारखं, ओठ फुटलेले, फोन बंद पडलेला. दवाखान्यात डेंग्यू निघाला. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

दुपारी तिचे वडील एसटीनं आले. त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. "बाई, तुम्ही बघितलं म्हणून लेकरू वाचलं."

'मी न्हाई, काकूंनी बघितलं,' एवढंसुद्धा माझ्या तोंडून निघालं नाही.

ती बरी झाली, पण परत आली नाही. तिचं वर्ष वाया गेलं. तिची गादी खाली उतरायच्या आत खोली दुसरीला दिली गेली. तिच्या फोनसाठी साधा एसएमएस चालला असता, दोन दिवसांचं काम. ते मी केलं नाही, कारण ग्रुपवर त्याला कुणी अ‍ॅप म्हटलं नसतं.

मी अ‍ॅप काढून टाकलं, म्हणून सुटले असं नाही. तुम्हीही सुटत नाही. लातुरात, नांदेडात तुमच्या घराच्या वर, शेजारी, समोर परगावचं लेकरू खोली करून राहतं. तुम्हाला त्याचं गाव माहीत नाही. हे वाचणं इथंच थांबवा. उठा, जिना चढा, दार वाजवा आणि ते उघडेपर्यंत तिथून हलू नका.