रिकाम्या खोलीवरचा पहारा

आमच्या दाजींइतका सावध माणूस सातारा-सांगली पट्ट्यात दुसरा झाला नसेल. आणि सावध राहावं असं आसपास काहीही नसताना इतकं सावध राहून दाखवणारा तर देशातही झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव पाटणच्या वरच्या अंगाला, घर सांगलीत. लष्करात बिनतारी संदेशांच्या कामावर हयात गेली, सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कुपवाडच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागले. तिथं पंपाचे सुटे भाग होत. ते चोरायला कधी कुणी आलं नाही. पण आलं असतं तर त्याची धडगत नव्हती. घरी रोज सकाळी दूधवाल्याला दाराआडून "कोण हाय?" असं विचारल्याशिवाय कडी निघत नसे आणि तो बिचाराही रोज गंभीरपणे "दूधवाला" असं सांगे. ताई म्हणायची, "आवं, इतकी वर्सं त्योच येतोय की!" त्यावर दाजी म्हणत, "म्हनूनच इचारायचं. नवा मानूस काय दगा देनार?"

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कारखान्यानं नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुन्यातला एक दाजींच्या घरी आला. तो त्यांनी टेलिफोनला जोडून घेतला आणि एका क्लासवाल्याकडून फ्लॉपीवर चॅटिंगचं सॉफ्टवेअर मिळवलं. ते बसवलं त्या रविवारी मी साताऱ्याहून आलो होतो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. नव्या गोष्टींकडे संशयानं पाहण्याचाच मला पगार मिळतो. सॉफ्टवेअरनं पहिल्याच फटक्यात टोपणनाव मागितलं. "आमाला टोपणनाव न्हाई," असं त्या पडद्याला बजावून दाजींनी हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव असा सगळा मजकूर त्या चौकटीत भरला. चौकटीला तो पेलेना. छाटत छाटत शेवटी नुसतं 'सुभेदार' उरलं. "चालंल," दाजी म्हणाले, "हुद्द्यात सगळं आलं." मग कुठल्या देशातल्या यंत्राला जोडून घ्यायचं याची यादी आली. ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचून त्यांनी नॉर्वे निवडलं. मी कारण विचारलं. "नार्वेचं आन् आपलं कवा भांडान झाल्यालं आटवत न्हाई, पावणं."

सुरुवातीला ते परक्यांच्या खोल्यांत, म्हणजे पडद्यावरच्या गप्पांच्या अड्ड्यांत, जाऊन बसत. तिथं कुणी सवयीनं वय, लिंग, ठिकाण असं तुटक विचारलं की दाजी इंग्रजी लिपीत मु. पो., तालुका, जिल्हा असं सगळं सविस्तर कळवत, शेवटी बिनतारी संदेशासारखं 'ओव्हर' लिहीत आणि मग समोरच्याकडूनही तेवढ्याच तपशिलाची अपेक्षा करत. अर्धे लोक तिथंच पळून जात. शेवटी दाजींनी स्वतःची खोली उघडली आणि तिला सातारा-सांगली असं नाव दिलं. सातारा आधी का, यावर सांगलीकरांनी तक्रार केली, तेव्हा "गाव आधी, घर मागनं" असा निकाल मिळाला आणि आश्चर्य म्हणजे तो सर्वांनी मानला. हळूहळू न्यू जर्सी, बंगळूर, मस्कत, पुणे अशा ठिकाणी पांगलेली आमच्याकडची माणसं त्या खोलीत जमू लागली. आत आल्यावर नमस्कार केलाच पाहिजे आणि बाहेर पडताना 'येतो' म्हटलंच पाहिजे, हा नियम होता. लाइन तुटून कुणी अचानक गायब झालं तरी दुसऱ्या दिवशी त्याला जाब द्यावा लागे. न्यू जर्सीतला एक मोठा इंजिनियर "दाजी, काल वादळानं वीज गेली हो, चुकलं," असं लिहीत असलेला मी स्वतः वाचला आहे.

या खोल्यांचा एक कायदा होता. खोलीत जो पहिला शिरेल त्याच्या नावापुढे 'ॲट'चं वेटोळं लागे आणि कुणाला आत ठेवायचं, कुणाला हाकलायचं, हा अधिकार त्या वेटोळ्याचा. पण आत कुणी ना कुणी असेपर्यंतच खोली जिवंत. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती नाहीशी. मग पुढं जो पहिला येईल त्याची. हे कळल्या दिवशी दाजींच्या डोळ्यांत जी चमक आली, ती निवृत्तीनंतर ताईनं पहिल्यांदाच पाहिली. खरोखर राखण्यासारखी एक जागा त्यांना अखेर सापडली होती. त्यांनी वेटोळं आणखी दोघातिघांना दिलं, पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या आणि देशोदेशीचे पदवीधर "बदली आली का?" असं एकमेकांना विचारू लागले. मी खूप थट्टा केली. पण खरं सांगतो, सातासमुद्रापलीकडची शिकलेली माणसं आमच्या दाजींच्या हुकमावर जागेला चिकटून बसलेली पाहून मला आतून अभिमानच वाटत होता.

मस्कतला स्टोअरकीपर असलेला, मूळचा तासगावकडचा एक गडी होता. त्यानं टोपणनाव 'टायगर' घेतलं होतं. त्याला ते वेटोळं हवं होतं. दाजी दर वेळी लिहीत, "अजून तुमची सर्व्हिस कमी पडते. ओव्हर." हा शुद्ध हुद्द्याचा ताठा होता आणि मी तसं बोललोही. मग एका सकाळी मधलं कुठलंसं यंत्र बंद पडलं, सगळ्यांच्याच लाइनी एकदम तुटल्या आणि परत येण्याच्या धांदलीत टायगर पहिला पोचला. वेटोळं त्याला लागलं. त्यानं पहिलं काम केलं ते दाजींना बाहेर काढून दार बंद करण्याचं.

दाजी जेवेनात. ताई म्हणाली, "चला, दोन घास खावा. रायगड पडल्यागत काय बसलाय?" न्यू जर्सीवाल्यानं खोलीवर संदेशांचा मारा करून ती परत मिळवून देतो म्हणून कळवलं. "आपल्याच घरावर तोफा डागायच्या व्हय?" म्हणून दाजींनी ते मोडीत काढलं आणि शेजारी दुसरी खोली उघडली. एकेक करून सगळे तिकडं आले. जुन्या खोलीत टायगर एकटा उरला. त्याला बाहेरही पडता येईना, कारण तो उठला की खोली गेली. खोल्यांच्या यादीत तिच्यापुढं माणसांचा आकडा रोज 'एक' एवढाच दिसे.

मला गंमत वाटत होती. दाजींना मात्र ते बघवेना. "इतकं दिस झालं, त्याला बदली न्हाई," ते सारखे म्हणत. "बसू दे की चोराला," मी म्हणालो. "चोर आसंल, पर पहाऱ्यावर हाय न्हवं?" असं म्हणून एका दुपारी त्यांनी माझ्यादेखतच टायगरला खाजगी निरोप टाकला : "नमस्कार. जेवला का? ओव्हर."

उत्तर आलं, "खोली देनार नाय."

"खोली नको. तुम्ही जेवून या. तोवर मी बसतो. ओव्हर."

मग दार उघडलं. दाजी आत शिरले. टायगरनं 'येतो' एवढंच लिहिलं आणि तो गेला.

"दाजी, उठा!" मी खुर्चीतून जवळजवळ ओरडलोच. "नुसतं बाहेर पडून परत आत या. पहिले तुम्हीच! वेटोळं तुमचं!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी इतिहास शिकवतो याची मला लाज वाटावी. "बदलीवर आलेल्यानं जागा सोडायची?" ते म्हणाले आणि बिनवेटोळ्याच्या नावानं, हात मांडीवर ठेवून, रिकाम्या खोलीत ताठ बसून राहिले. टायगर जेवून परत आला. पण तो एकदा बाहेर पडलेला. वेटोळं त्याच्याही नावापुढून गेलं होतं. आता त्या खोलीत दोघंच होते आणि दोघांनाही अधिकार असा काही नव्हता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "द्राक्षं सुरू झाली का तिकडं?"

"आगं, बाजारात द्राक्षं आली का?" दाजींनी आत आवाज दिला.

"आल्यात, पर आंबाट हायत!" ताई स्वयंपाकघरातून ओरडली.

दाजींनी ते एका बोटानं जसंच्या तसं कळवलं. पलीकडून उत्तर आलं, "सुरवातीची तशीच ब्येस लागत्यात."

आठवड्याभरात सगळी माणसं जुन्या खोलीत परतली. ती पुढं काही वर्षं कुणीही मुख्य नसताना चालली. पाळ्या मात्र चुकल्या नाहीत. एक माझ्याकडेही आली आणि मी ती निमूटपणे केली. मग लोकांच्या हातात मोबाइल आले, तिथं माणसं कमी होत गेली, आणि खोली नेमकी कधी रिकामी झाली ते मला माहीत नाही. दाजींना विचारायचं धाडस मी केलेलं नाही. मस्कतचा तो गडी मात्र सुटीवर आला की आधी सांगलीत उतरतो. समोरासमोर बसून दोघं ताईच्या हातचं जेवतात आणि पंख्याकडे बघत बसतात. तो 'येतो' म्हणून निघाला की दाजी फाटकापर्यंत जातात आणि गल्लीच्या वळणावर तो दिसेनासा झाल्यावरही तिथंच उभे असतात. आतून ताई दोनदोनदा हाका मारते, पण त्या त्यांना ऐकू येत नाहीत.