भुंग्यांना मुदत देणारे मिस्त्री

दुसऱ्या सुताराच्या कामाला चांगलं म्हणणं मिस्त्रींच्या स्वभावात नव्हतं. कुणाच्याही घरी गेले की दाराची चौकट अंगठ्याने चाचपायचे आणि "घाई केलीय," एवढंच म्हणायचे. नौपाड्यात आमच्या गल्लीतली निम्मी दारं त्यांच्याच हातची, त्यामुळे कुणी उलट बोलत नसे.

म्हणूनच त्यांनी भुंग्यांचं कौतुक केलं तेव्हा मी चकित झाले. आमच्या तळमजल्याच्या घरामागे छोटी बाग आहे. होळीच्या सुमारास तिथल्या लाकडी मांडवाला काळ्या भुंग्यांनी सात भोकं पाडली. खाली रोज पिवळसर भुसा सांडायचा. त्याच मांडवाखाली बाबांची खुर्ची असे. झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणंही गेलं होतं. बागेत बसणं एवढीच हौस उरली होती. वासा अंगावर आला तर, या भीतीने मी फवारणीवाल्याला बोलावलं. आईने मात्र मिस्त्रींना फोन केला.

शिडीवर चढून त्यांनी भोक निरखलं. "कसं गोल पाडलंय बघ. मला ड्रिलनेसुद्धा असं जमायचं नाही."

"पण बाबांना चावले तर?"

"तोंडापुढे घिरट्या घालतो ना, तो नर. त्याला नांगीच नसते. मादीला असते, पण धरल्याशिवाय ती काही करत नाही. आत तिची पिल्लं आहेत. ती उडून जाऊ देत, मग भोकं बुजवू. घर खाली करायला मुदत तर देशील की नाही?"

त्यांनी वाशाला खालून दोन टेकू दिले, बाबांची खुर्ची बाजूला घेतली. फवारणीवाल्याला मी नको म्हणून कळवलं.

मग ते दर गुरुवारी येऊ लागले. बाबांशी सगळेजण मोठ्याने, तोडून तोडून बोलत. मिस्त्री नेहमीसारखंच बोलायचे आणि उत्तरासाठी थांबायचे, कितीही वेळ लागला तरी. "कोण येतं, कोण जातं, लक्ष ठेवा. मला तर काय, आठवड्यातनं एकदाच दिसतं," असं सांगून जायचे. बाबा दिवसभर वर बघत बसायचे आणि गुरुवारी डाव्या हाताने खुणा करायचे.

मे महिन्यात एकदा त्यांनी खूण केली नाही. ओठ बराच वेळ हलले. "तिसरं... रिकामं."

मिस्त्रींनी शिडी लावली, बॅटरी मारून पाहिलं. "बरोबर," म्हणाले, आणि पुढच्या भोकाकडे वळले. आई स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ तिथला नळ नुसताच वाहत होता.

गणपतीच्या आधी सगळी भोकं रिकामी झाली. मिस्त्रींनी लाकडी खुंट्या ठोकल्या, मांडवाला जवसाचं तेल चोळलं आणि कुंपणाच्या कोपऱ्यात पांगाऱ्याचा जुना ओंडका टांगला. "त्यांनाही कुठेतरी राहायला हवं." शेवटचं भोक खांबात होतं, खुर्चीच्या उंचीवर. तिथे त्यांनी हातोडी बाबांच्या डाव्या हातात दिली. दोन घाव चुकले, तिसऱ्याला खुंटी आत गेली.

तेच त्यांचं शेवटचं काम. गुडघे गेले होते, ते शहाडला मुलीकडे राहायला निघाले होते. "आता तुम्हीच या," ते बाबांना म्हणाले.

बाबांना वाक्य जुळवायला वेळ लागला. मिस्त्री दारात थांबून राहिले.

"येतो," बाबा म्हणाले. "चालत येतो."

त्या दिवसापासून बाबा रोज माझा हात धरून बागेत पावलं टाकू लागले. दिवाळीनंतर आम्ही बाबांना गाडीने शहाडला नेलं. फाटकापाशी बाबांनी माझा हात सोडला आणि तिथून ओट्यावर बसलेल्या मिस्त्रींपर्यंत ते एकटे चालत गेले.