मागच्या सीटवर शेवंताताई

शेवंताताई गाडीत मांडी घालून बसायच्या. त्यात काय एवढं, असं वाटेल तुम्हाला. पण अहो, बाई ड्रायव्हिंग शिकवायच्या! शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि पाय त्यावर तयार ठेवायचा असतो. ताईंचं तसं नव्हतं. शिकणारीचा हात जरा बसला, की ताई चपला काढणार, पाय वर घेणार आणि पर्समधून फुटाण्यांची पुडी काढणार. मला हे कळायलाच कितीतरी दिवस लागले. मान वळवायची हिंमत कुणात होती?

आमच्या बजाजनगरात बायकांना फोर व्हीलर शिकवणाऱ्या त्या एकट्याच. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, नाकात मोरणी आणि आवाज असा की हॉर्नची गरज नाही. नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा त्याचा टेम्पो स्वतः चालवून त्यांनी घर सांभाळलं होतं. "लोक हसले लई," त्या सांगायच्या, "हसू दे म्हटलं. त्यांचे दात, त्यांची हौस."

माझ्या नवऱ्याची बदली पुण्याकडच्या कारखान्यात झाली आणि आमची गाडी अंगणात कव्हर घालून बसली. पण खरं सांगते, मला गाडी शिकायची होती ती वेगळ्याच कारणासाठी. दौलताबादच्या पुढं, घाट चढून गेलं की माझं माहेर. तिथं माझ्या भाचीचं लग्न ठरलं होतं आणि मला त्या मांडवात स्वतः गाडी चालवत जायचं होतं.

का, ते सांगते. मी नऊ वर्षांची असताना आत्याच्या लग्नात पंगतीत वाढायला धावले आणि वरणाची बादली व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर उपडी केली. नशीब, वरण कोमट होतं. त्या दिवसापासून मी घरची अधिकृत धांदरट! आमचे अण्णाकाका अजून भर मांडवात ओरडतात, "सुनंदीच्या हातात काही देऊ नका रे!" सगळे हसतात. मीही हसायची. हसता हसता मला ते पटून गेलं, हीच यातली वाईट गोष्ट. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, पोरगी कॉलेजात गेली, तरी पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे न्यायचा म्हटलं की माझे हात थरथरायचे.

ताईंच्या गाडीत बसले ती हीच धांदरट घेऊन. पहिल्याच दिवशी गाडी तीनदा बंद पडली आणि मी सवयीनं बोलून गेले, "मी आहेच मूर्ख, मला नाही जमायचं."

ताईंनी गाडी कडेला घ्यायला लावली.

"एक कायदा ऐक. माझ्या गाडीत माझ्या पोरींना कुणी शिव्या द्यायच्या नायत."

"मी कुणाला शिवी दिली, ताई?"

"आत्ता सुनंदाला मूर्ख कोण म्हणलं? ती माझी पोरगी हाय. तिला बोलायचं असंल तर खाली उतरून बोल."

मला कुणी असं माझ्यापासूनच वाचवलं नव्हतं कधी. मला भरून आलं आणि त्या भरात, निघता निघता, गाडी चौथ्यांदा बंद पडली.

दुसरी माझी खोड म्हणजे सॉरी. मागून हॉर्न वाजला की सॉरी, रिक्षा आडवी घुसली तरी सॉरी. ताई करवादायच्या, "रस्ता काय त्याच्या बापाचा हाय व्हय? कामून माफी मागतीस खामखा? चुकलीस तर माग, एकदाच, आन् पुढं चल."

एव्हाना अण्णाकाका आणि ती वरणाची बादली ताईंना सांगून झाली होती. एकदा कंपनीची शिफ्ट सुटली होती. गर्दीतून एक सायकलवाला धाडकन समोर आला. गाडी जागच्या जागी थांबली.

"बरं झालं ताई, तुम्ही ब्रेक दाबलात!"

त्यांनी शांतपणे एक फुटाणा तोंडात टाकला. "इकडं बघ जरा. माझे पाय कुठं हायत?"

मी पहिल्यांदा मान वळवली. बाईंनी मस्त मांडी ठोकली होती.

"मग ब्रेक कुणी दाबला? तुझ्या अण्णाकाकानं?"

काय सांगू! इतकी वर्षं जे बिघडलं ते माझ्यामुळं आणि जे जमलं ते दुसऱ्या कुणामुळं, असाच हिशेब मी धरला होता. त्या दिवशी घरी आले, आरशासमोर उभी राहिले आणि स्वतःलाच म्हणाले, "दाबलास की गं ब्रेक!" पोरगी म्हणाली, आई, बरी आहेस ना? बरी कसली, झकास होते.

लग्नाच्या दिवशी ताईंना हट्टानं सोबत घेतलं. गाडी आमची, म्हणजे दुसरा ब्रेक नाही. ताई पुढं बसतील असं मला वाटलं होतं. त्या सरळ मागं गेल्या, आडव्या झाल्या आणि तोंडावर पदर ओढला. "मी झोपते. मांडव आला की उठव."

दौलताबादचा किल्ला मागं पडला की जुन्या तटबंदीची कमान लागते. एका वेळी एकच गाडी जाते. मी निम्मी आत शिरले आणि समोरून एक पर्यटकांची गाडी घुसली. तिच्या मागं आणखी दोन. माझ्या मागं हॉर्नचा कल्ला.

"ताई! अहो ताई!"

पदर हलला नाही. जिभेच्या टोकावर सॉरी आलं होतं, ते गिळलं. काच खाली केली आणि ओरडले, "भाऊ, मी आधी आलेय. तुम्ही मागं घ्या!" आणि काय सांगू, त्यानं घेतली! त्याच्या मागचे दोघंही सरकले. कमानीला न घासता मी बाहेर पडले तेव्हा मला रडू येत होतं आणि मी मोठमोठ्यानं हसत होते.

मांडवाशी अण्णाकाका काठी टेकवत आले. "ड्रायव्हर कुठं गेला?"

"तुमच्या समोर उभा आहे, काका."

तेवढ्यावर भागलं असतं, पण मला आता थांबायचं नव्हतं. पंगत बसल्यावर मी वरणाची बादली उचलली. अण्णाकाकांनी घाईघाईनं धोतर आवरून घेतलं. पंगत हसली. मी वाकले, त्यांच्या भातावर वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडं गेले. हात थरथरला नाही. अख्खी पंगत वाढून बादली रिकामी करून आणली, तेव्हा ताई शेवटच्या पानावर बसून बोटं चाटत होत्या.

परतताना मी विचारलं, "सकाळी कमानीपाशी खरंच झोपला होतात?"

"हट्! डोळा लागतो व्हय? पदराआडून सगळं बघत होते. जीव नुसता गळ्याशी आला होता. पण उठले असते तर जन्मभर मलाच हाका मारत बसली असतीस."

ताईंना जाऊन आता वर्ष होईल. सिग्नलला मागून हॉर्न वाजला की आजही मला त्यांचं करवादणं ऐकू येतं. पण सगळ्यात जास्त आठवतो तो त्या परतीच्या वाटेवरचा आवाज. कमान पुन्हा आली, समोरून पुन्हा गाड्या आल्या, हॉर्न वाजू लागले. मी सवयीनं आरशात मागं पाहिलं. पदर तोंडावरून घसरला होता, तोंड उघडं पडलं होतं, आणि शेवंताताई खरोखरच घोरत होत्या.