बाहीवरची राखी

नात इथल्याच विद्यापीठात शिकते. परवा तिनं एक काळा धागा आणून माझ्या मनगटाला गुंडाळला. ताणला की रबरासारखा लांबतो, सोडला की जागेवर येतो, आणि ताणलेला असताना बी त्यातनं वीज वाहते. पुढं म्हणे पेशंटच्या सदऱ्यातच असले धागे विणायचे, नाडीचे ठोके सदराच सांगणार. माझी बाही मध्ये आली तशी तिनं ती वर सारली.

"आबा, कातडीला लागला पाहिजे. कपड्यावरून नाय चालत."

"मला शिकवतीस व्हय?" मी एवढ्यानं ओरडलो की पोर दचकली. तिचा काय दोष! राग जुना होता.

मी चौथी शिकलेला माणूस. फुलंब्रीकडच्या गावाहून चिकलठाण्याला टीव्हीच्या कारखान्यात यायचो. शहराभोवती तेव्हा कारखाने उठत होते आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे निघत होते. मी मोर्चात असायचो. आमच्याच माणसाचं नाव मागत होतो, लपवायचं कशाला?

आमचं काम टीव्हीच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर आयसी बसवायचं. आयसी म्हणजे गोमेसारख्या पायांचा काळा तुकडा, लई नाजूक. अंगात, टेरिकॉटच्या कापडात वीज साठते. तिचा बारीक चटका बसला तरी आयसी मरते. म्हणून मनगटात, उघड्या कातडीवर इलॅस्टिकचा पट्टा बांधायचा. त्यात वीज वाहणारे धागे विणलेले, आणि त्याची वायर जमिनीत गेलेली, म्हणजे अंगातली वीज तिथं उतरते. लाईनवर सगळे त्याला राखी म्हणायचे. टेबलाला राखी एकच. पहिल्या पाळीत मी बांधायची, दुसऱ्या पाळीत वैजापूरकडच्या एका बड्या शेतकऱ्याच्या पोरानं.

एकदा पाळी बदलताना शेजारच्या टेबलावरचा त्याला म्हणाला, "काय पाटील, दोघांची राखी एकच? मग बहीण बी एकच की!"

लाईन हसली. मी बी हसलो. तो नाय हसला.

तिथून पुढं आमच्या टेबलाच्या पाट्या मरायला लागल्या. दोन्ही पाळ्यांचा माल एकाच खोक्यात, कुणाची पाटी कुणाची ते कळायचं नाय. साहेबाला मात्र बरोबर कळलं. भर लाईनवर माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"नामांतरवाल्यांनी माल जाळायचं ठरवलंय का?"

"साहेब, या टेबलावर दोघं बसतो."

"तो घरंदाज मुलगा आहे. सोमवारपासून तू येऊ नकोस."

घरंदाज! मी काय झाडावरून पडलो होतो?

पाळी सुटली तरी मी हललो नाय. पाटील आला, बाहीचं बटण लावलं आणि राखी टेरिकॉटच्या बाहीवरून चढवली.

"हे काय रे?"

"तुझ्या घामाचा पट्टा मी अंगाला लावू व्हय?" त्याला लाज बी वाटली नाय. "तुमचं नामांतर रस्त्यावर करा. इथं नको."

वायर उपसून मी त्याचं मनगट धरलं आणि तसाच ओढत दाराशी नेला. तिथं पट्टा तपासायची पेटी धूळ खात पडली होती. वायर पेटीत खोवली, त्याचं बोट बटणावर दाबलं. दिवा लाल, म्हणजे पट्टा कातडीला लागत नाय. राखी काढून माझ्या मनगटात घातली, दाबलं. हिरवा. आरडाओरडा ऐकून साहेब आला, त्याच्यापुढं पुन्हा केलं. लाल. हिरवा.

साहेबानं वायर पेटीतनं उपसली. "ठीक आहे. ये सोमवारी. आणि ह्या दोघांना वेगवेगळे पट्टे द्या. विषय मिटला."

"मिटला कसा? भर लाईनवर माल जाळणारा म्हणालात. आता भर लाईनवर सांगा, ह्यानं जाळला नाय."

"नोकरी राहिली ना तुझी? अजून काय पाहिजे?"

बहिणीचा विनोद करणारा खाली मान घालून सोल्डर करत होता.

सोमवारी टेबलावर माझ्यासाठी नवा पट्टा, पिशवीत बंद. गावच्या हाटेलात आमच्यासाठी वेगळी कपबशी असायची, तसा. मी पिशवी फोडली नाय.

"नवा का घालत नाहीस?" साहेबानं विचारलं.

"तुम्ही बोला, मग घालतो."

तो बोलला नाय, मी बी घातला नाय. जुन्या राखीचं इलॅस्टिक सैल झालं तेव्हा गाठ मारली, कातडीला लागंल अशी. रोज साहेबाच्या काचेसमोरच्या त्या पेटीवर बोट दाबायचो, हिरवा पेटला की कामाला बसायचो.

साहेब रिटायर झाला तेव्हा हारतुरे झाले. पाटलासकट सगळ्यांशी त्यानं हात मिळवला. मी बाही वर सारून, हात पुढं करून उभा होतो. माझ्यापुढं आला आणि त्यानं लांबूनच नमस्कार केला.