भुरीची नसल

आबाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते रांगताना. लग्न होऊन अकोटहून परतवाड्याला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी धुणं वाळत घालायला मागच्या अंगणात गेले, तर कुंपणापलीकडे अस्वलाचं कातडं पांघरून कुणीतरी चार पायांवर चाललं होतं आणि घशातून गुरगुरत होतं. समोर कुत्र्याची पाच-सहा पिल्लं. हातातलं धुणं मातीत टाकून मी किंचाळले. कातडं बाजूला झालं, आतून पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा निघाला.

"भेऊ नको वं सूनबाई! तुह्या सासऱ्याचा दोस्त हावो मी. ह्या पोट्ट्यायची परीक्षा चालू हाये."

आबाजी सागाच्या लाकडाचे ठेकेदार. मेळघाटात तोडीवर गेलेल्या त्यांच्या मजुरांना अस्वलांचा फार त्रास. म्हणून तरुणपणी त्यांनी कोरकू आदिवासींच्या एका गावातून भुरी नावाची कुत्री आणली आणि तिच्यापासून पैदास वाढवली. अकोला-अमरावतीपर्यंतचे शिकारी भुरीच्या नसलीचं पिल्लू मिळावं म्हणून त्यांच्या ओसरीवर बसलेले असत. आबाजी सहसा देत नसत.

निवड मात्र पाहण्यासारखी. कातडं पाहून पळालेलं पिल्लू शेताच्या राखणीला जाई. थेट येऊन कातड्याला दात लावणारं पिल्लूही ते देऊन टाकत. ठेवत ते तिसरंच, जे जवळ येई, भुंके, मागं सरे आणि पुन्हा जवळ येई.

"चावणारं तर किती जिगरबाज दिसतं," मी एकदा म्हटलं.

"चावणारं मरते सूनबाई. अन् त्याले सोडवाले गेलेला माणूसबी मरते. कुत्र्यानं अस्वलाले नुसतं रोकून धराव. मारायले बंदूक हाये न!"

गणपत हा त्यांचा जुना गडी. कुत्र्यांचं सगळं तोच बघे. सकाळी टोपलीभर भाकरी कुस्करून घाली, गोचिड्या काढी, जखमेत हळद भरी. त्याला मूलबाळ नव्हतं. कुत्र्यांना तो "माहे पोट्टे" म्हणे.

एका उन्हाळ्यात मोहफुलं वेचणाऱ्या बाईवर अस्वलीण आली. आबाजींच्या कुत्र्यांनी अस्वलिणीला घेरलं आणि भुंकत रोखून धरलं. पण बंदूक पोचायच्या आत ती कडं फोडून परत त्या बाईवरच गेली. बाई दगावली. पुढच्या बाजारात कुणीतरी आबाजींच्या तोंडावर म्हणालं, "ठेकेदाराचे कुत्रे निस्ते भुकतेत." आबाजी बाजार न करताच निघाले. घरी आले आणि जेवले नाहीत, एवढं त्यांच्या बायकोनं मला सांगितलं.

त्यानंतर अंगणातली परीक्षा बदलली. कातड्याला लोंबकळणारी पिल्लं घरात राहू लागली आणि मागं सरणारी जाऊ लागली. रग पक्की व्हावी म्हणून त्यांनी भाऊ-बहिणीचीच जोडी लावली.

"आबाजी, अशी पिल्लं तर तुम्ही पहिले देऊन टाकायचे," मी म्हटलं.

"तवा मले समजत नव्हतं," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

मग तो हिवाळा आला. कडाक्याची थंडी होती. गणपत काळं घोंगडं डोक्यावरून घेऊन, वाकून, भाकरीची टोपली छातीशी धरून अंगणात शिरला. दोन कुत्री मोकळी होती. मला ओरडणं ऐकू आलं तेव्हा वाटलं, कुत्रीच आपसांत भांडताहेत. जाऊन पाहिलं, तर गणपत खाली पडलेला आणि त्याचेच पोट्टे त्याच्या गळ्याशी. आबाजींनी दोन्ही कुत्र्यांना जागीच गोळ्या घातल्या. गणपतला मोटारीतून अमरावतीला नेलं, पण तो वाटेतच गेला.

मला वाटलं होतं, आता लोक त्या घराकडे फिरकणार नाहीत. पंधरवडा झाला नाही तोच अकोल्याचे एक शेठ जीप घेऊन आले. म्हणाले, "आबाजी, असंच कडक कुत्रं पाहिजे आपल्याला." मी कुंपणाशी उभी होते. माझा कानांवर विश्वास बसेना.

आबाजी उठून उभे राहिले. मग म्हणाले, "थांबा. ते दोघंच बिघडले होते, का नसलच बिघडली, हे पाहाव लागन."

ते आत गेले आणि काळं घोंगडं पांघरून बाहेर आले. अंगणाच्या मधोमध उकिडवे बसले. हातात काठीसुद्धा नाही. "बिजलीले सोडा," त्यांनी आतल्या गड्याला सांगितलं. बिजली ही वर्षाची कुत्री, रोज त्यांच्याच खाटेच्या पायथ्याशी झोपणारी. "आबाजी, नका!" मी ओरडले. त्यांनी मान वळवली नाही.

बिजली आली. पाठीवरचे केस ताठ झाले. ती भुंकली नाही, मागं सरली नाही, सरळ गळ्यावर गेली. आबाजींनी हात आडवा घातला, तो तिनं धरला. "बिजली! बिजली, मी हावो!" त्यांचा आवाज ऐकूनही तिनं सोडलं नाही. गडी थिजून उभा, शेठ जीपमध्ये. मी कुंपणावरून कशी गेले मला आठवत नाही. हौदाजवळची भरली बादली उचलून मी तिच्या तोंडावर रिकामी केली. पकड सुटली. घोंगडं गळून पडलं. तिनं आबाजींना पाहिलं, शेपूट हलवली आणि त्यांच्या हातावरचं रक्त चाटू लागली.



"पाह्यलं का शेठ?" आबाजी धापा टाकत म्हणाले. "माह्या आवाजानंबी सोडलं नाई. म्याच बिघडवली ही नसल. कुत्र्यायचा काई कसूर नाई."

शेठ जीपमधूनच म्हणाले, "तरी एक पिल्लू द्याच."

आबाजींनी त्यांना हाकलून दिलं. हाताला फडकं बांधलं आणि बंदूक घेतली. संध्याकाळपर्यंत भुरीच्या नसलीचं एकही जनावर त्या घरात उरलं नाही. डोळे न उघडलेल्या एका पिल्लासाठी मी पदर पसरला. "नाई सूनबाई," एवढंच म्हणाले. मी कितीतरी महिने त्यांच्याशी बोलले नाही. गणपतच्या बायकोला त्यांनी बहीण म्हणून घरात आणलं हे कळलं, तरीही नाही.

पुढं आमची बदली नांदगाव खंडेश्वरला झाली. निरोपाला आबाजी एस.टी. स्टँडवर आले, वाकडा झालेला हात सांभाळत. मी वाकून नमस्कार केला. तेवढ्यात कुठूनसं एक गावठी पिल्लू आलं आणि त्यांच्या पायांना अंग घासू लागलं. आबाजींनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"हाकल वं त्याले सूनबाई," ते हळूच म्हणाले. "मी कोन हावो, हे त्याले मालूम नाई."

माझ्यानं हाकलवलं नाही. गाडी सुटली. मागं वळून पाहिलं, तर पिल्लू त्यांच्या जोड्यावर डोकं टेकून पसरलं होतं, आणि ते उठू नये म्हणून आबाजी पाय न हलवता भर उन्हात तसेच उभे होते.