नीलकांतला ऐकायला आईसोबत सटाण्याला

आधीच सांगून टाकते, मला नीलकांत आवडतो. हो, तोच. लग्नाच्या वरातीत, रिक्षात, शाळेच्या गॅदरिंगला आणि हल्ली प्रत्येक दुसऱ्या रीलखाली ज्याची गाणी वाजतात, तोच. त्याचं नाव काढलं की वाचणारे-बिचणारे मित्र ओठ मुडपून हसतात. "प्रज्ञा, तू विज्ञान शिकवतेस आणि हे ऐकतेस?" असं स्टाफरूममध्ये मला कितीदा तरी विचारून झालंय. ऐकते. दहा वर्षांची होते तेव्हापासून ऐकते. त्याची पहिली कॅसेट मी इतकी वाजवली की फीत दोनदा तुटली आणि दोन्ही वेळा नेलपॉलिश लावून जोडली.

त्यामुळे तो सटाण्यात एका मंगल कार्यालयात दुपारी गाणार आहे, प्रवेश सर्वांना खुला आहे, असा मेसेज फिरत फिरत माझ्याकडे आला तेव्हा मी तारीख रविवारची आहे एवढंच पाहिलं. शनिवारी देवळाली कॅम्पला आईपप्पांकडे गेले होते. जेवताना सहज म्हटलं, "उद्या सकाळी लवकर निघणार मी. सटाण्याला चाललेय, नीलकांतचं गाणं आहे."

आई भाकरी थापत होती. मागे न बघताच म्हणाली, "मीपण येते."

या प्रवासातला पहिला धक्का हा. माझ्या आईला नीलकांत अजिबात चालत नाही. लहानपणी मी टेप लावला की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद कर ते रडगाणं!" 'दोन कप' हे गाणं लागलं, की ओरडायचीसुद्धा नाही. सरळ उठून बाहेर जायची. तीस वर्षं मी समजत होते, की तिला या माणसाचा मनापासून राग आहे.

"तुला आवडत नाही ना तो?"

"सटाणा बघितलं नाही मी," ती म्हणाली. विषय संपला. पप्पा घरी थांबणार होते. लांबचा बसप्रवास त्यांना आता झेपत नाही.

जाणाऱ्यांसाठी: नाशिकहून सटाण्याला एसटी भरपूर आहेत. सकाळी आठच्या आत बसलात तर ऊन तापायच्या आधी पोचता. साधारण तीन तास धरा. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे आम्हा दोघींचा प्रवास मिळून एका माणसाच्या पैशात झाला आणि आई त्यावर ओझरपर्यंत खूश होती. उजवीकडची खिडकी घेऊ नका, सकाळचं ऊन तोंडावर येतं. पिंपळगावपर्यंत महामार्ग गुळगुळीत, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव. सोग्रस फाट्याला बस महामार्ग सोडून डावीकडे वळते. भावडबारीचा घाट छोटासाच आहे, पण चढून वर आलं की हवा आणि भाषा दोन्ही बदलतात. देवळ्यात गाडीत चढलेल्या दोन बायका अहिराणीत भांडत होत्या की गप्पा मारत होत्या, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आई वाटेत फारसं बोलली नाही. एकदाच विचारलं, "तो माणसांना भेटतो का, कार्यक्रम झाल्यावर?"

"भेटत असेल. का?"

"सहज."

अकराला सटाण्यात उतरलो. स्टँडजवळच्या खाणावळीत शेवभाजी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. शेवभाजी तिखट आहे, हे नुसतं सांगून कळणार नाही, शेजारी ताकाचा ग्लास ठेवूनच सुरुवात करा. पोटभर जेवण, दर नाशिकपेक्षा कमी. खाणावळीच्या मावशींनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "कोठून उनात माय?"

"नाशिकहून. नीलकांतच्या गाण्याला."

"तो? तो आमना गावना जवाई शे!" मावशी हसल्या. "त्यानी बायको सटाणानी शे. दरसाल येस, फुकट गास, शेवभाजी खाई जास."

मी घास हातात धरून बसले. ज्याला मी आयुष्यभर पोस्टरवरच पाहिलं, तो इथे दरवर्षी जावई म्हणून येतो आणि याच बाकावर शेवभाजी खातो! आणि मी नव्वद-शंभर किलोमीटरवर राहून मला याचा पत्ता नाही.

मंगल कार्यालयात तीनेकशे लोक असतील. कांद्याचे व्यापारी, त्यांच्या बायका, कॉलेजची पोरं, म्हातारी माणसं. नीलकांत आला आणि मला दुसऱ्यांदा धक्का बसला. माझ्या डोक्यातला नीलकांत पंचविशीचा, डोळ्यावर केस आलेला होता. समोर टक्कल पडलेला, जाड भिंगांचा, पोट सुटलेला साठीचा माणूस स्टूलवर बसून हार्मोनियमचा भाता सोडवत होता. मग त्याने तोंड उघडलं. आवाज तोच होता. वरच्या पट्टीत थोडा फाटत होता, पण तोच. पहिल्या गाण्यालाच माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. शेजारचे एक आजोबा माझ्याआधीच रडत होते.

'दोन कप' त्याने शेवटी गायलं. सगळं कार्यालय त्याच्याबरोबर गात होतं:

*तू नाहीस तरी हात हा चुकतो,*
*दोन कप मांडतो, एक पुसून ठेवतो.*

मी आईकडे पाहिलं. ती उठून गेली नव्हती. मांडीवर पर्स घट्ट धरून समोर बघत होती.

कार्यक्रमानंतर सही घ्यायला रांग लागली. आई म्हणाली, "तू जा, मी इथंच बसते," आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसली. मी जुन्या कॅसेटचं कव्हर जपून आणलं होतं, ते पुढे केलं. नीलकांत ते बघून हसला.

"अरे, हे अजून आहे कुणाकडे? कुठून आलात?"

"देवळाली कॅम्पहून."

त्याचं पेन थांबलं. "कॅम्पात कुठं?"

"आता भगूर रस्त्याला. लहानपणी तोफखान्याच्या फॅमिली क्वार्टरमध्ये होतो. वडील आर्मीत होते."

त्याने चष्मा वर केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाला, "तुमचं नाव प्रज्ञा तर नाही?"

या माणसाला मी आयुष्यात कधी भेटले नव्हते. पत्र लिहिलं नव्हतं. फेसबुकवर कमेंटसुद्धा केली नव्हती.

"तुम्हाला कसं माहीत?"

"तुमच्या आईचं पत्र आलं होतं मला. पहिली कॅसेट आली त्याच वर्षी." तो आता रांगेकडे बघतही नव्हता. "कौतुकाची पोतंभर पत्रं यायची तेव्हा. हे एकच तक्रारीचं होतं. अजून आहे माझ्याकडे. पाठ आहे म्हणा ना."

आणि त्याने ते मला म्हणून दाखवलं, हळू आवाजात, जसंच्या तसं. 'माझी मुलगी प्रज्ञा दहा वर्षांची आहे. ती दिवसभर तुमचं गाणं लावते, म्हणून मलाही ऐकावं लागतं. तुमच्या गाण्यात ती सोडून गेली की तो मरतो. असं कोणी मरत नाही. माझे मिस्टर वर्षातले दहा महिने बाहेर असतात. मी पाणी भरते, रेशन आणते, मुलीची वेणी घालते. फक्त सकाळी हात सवयीने दोन कप काढतो, मग एक परत ठेवते. एवढंच होतं. लिहायचं तर खरं लिहा.'

"मी परत पत्र पाठवून विचारलं, हे दोन कप गाण्यात घेऊ का," नीलकांत म्हणाला. "त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं. घ्या, पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका. मी आजपर्यंत कुठे सांगितलं नाही. तुम्ही घरच्याच, म्हणून बोललो. आहेत का त्या?"

मी मागच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

तो उठला. रांगेतली माणसं बाजूला झाली. मी त्याच्या मागून चालत होते. आईने त्याला येताना पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि तिला सगळं समजलं. ती उभी राहिली. त्याने वाकून नमस्कार केला. मला वाटलं, आता ती रडणार, किंवा लाजणार.

आई म्हणाली, "दोन कपांचं ठीक जमलंय. पण दुसऱ्या कडव्यात तुम्ही तिला उशीवर रडवलंय. मी रडल्याचं कुठं लिहिलं होतं?"

नीलकांत कान पकडून म्हणाला, "चूक झाली ताई. चालीत बसेना, म्हणून रडवलं."

"असू द्या आता," आई म्हणाली. "लोकांना पाठ झालंय."

साडेतीनची बस मिळाली. सटाण्याहून परतताना डाळिंबं घ्यायची असतील तर स्टँडबाहेर घ्या, चांगली मिळतात. मी घेतली नाहीत. मला काही सुचतच नव्हतं. घाट उतरल्यावर मी भडकले. हो, भडकले. लोकांना हे वाचून गोड वाटेल, पण मला तेव्हा राग आला होता. ते गाणं माझं होतं. शिकायला बाहेर राहिले, लग्न मोडलं, नवीन घर एकटीने लावलं, त्या सगळ्यात ते माझ्यासोबत होतं. आईला न आवडणारी, माझी स्वतःची अशी ती एकच गोष्ट होती. आणि ती आईचीच निघाली!

"का नाही सांगितलंस मला?"

"तू दहा वर्षांची होतीस. सगळ्या क्वार्टरभर सांगत सुटली असतीस." ती खिडकीबाहेर बघत होती. "नवरा बॉर्डरवर आणि बायको गाणेवाल्याला पत्रं लिहिते, असं झालं असतं."

"आणि मी मोठी झाल्यावर?"

"तोवर तू ते इतकं आपलं करून टाकलं होतंस, मला मध्ये शिरावंसं वाटलं नाही."

"मग गाणं लागलं की उठून का जायचीस?"

"आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून बघ एकदा," आई म्हणाली. "बसवत नाही."

पिंपळगावला बस थांबली तेव्हा मी खाली उतरून दोघींसाठी उसाचा रस आणला. तिने अर्धा पिऊन उरलेला माझ्या ग्लासात ओतला. माझा राग गेला नव्हता, पण त्याचा जोर कमी झाला होता.

संध्याकाळी सातला घरी पोचलो. पप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. पप्पांचे कान तोफांनी नेलेत. मशीन लावतात, पण तरी त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी 'छान झालं' म्हणणार होते. माझ्या आधी आई पुढे झाली. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"अहो, मी त्याला पत्र लिहिलं होतं!"

"काय?"

"पत्र! त्या नीलकांतला! तुम्ही बाहेर होतात तेव्हा!"

शेजारच्या घरातला टीव्हीचा आवाज एकदम बारीक झाला, हे मी शपथेवर सांगते. तीस वर्षं जे चार भिंतींत दडवलं, ते आई आता अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती. पत्रात काय लिहिलं होतं, त्याने त्याचं काय केलं, सगळं. एक एक वाक्य दोनदा. पप्पांनी पेपर खाली ठेवला. मला भीती वाटली. माझे वडील रागीट नाहीत, पण त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

ते आईकडे वळले. मग म्हणाले, "हे मला का नाही लिहिलंस, विमल?"

पप्पाच पुढे बोलत राहिले.

"मला तर दर पत्रात एकच. इकडे सर्व ठीक, काळजी नसावी. आम्ही चौकीवर एकमेकांची पत्रं वाचायचो. बाकीच्यांना घरून पानं पानं यायची. मला दोन ओळी. मला वाटायचं, हिला माझी आठवणच येत नाही."

आईने चप्पल काढली आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली.

मी पिशवी उचलून निघाले. मला शेवटची नाशिकची बस गाठायची होती, असं मी म्हटलं. खरं तर बसेस भरपूर होत्या.

आता घरी बसून हे लिहितेय. सटाण्याला जा असं सांगेन, नीलकांत असो नसो. रस्ता चांगला आहे, माणसं मोकळी आहेत, शेवभाजी एकदा तरी खायलाच हवी. नीलकांत मला अजूनही तितकाच आवडतो, आता थोडा जास्तच, कारण तक्रारीचं एक पत्र त्याने खरं मानलं आणि आईला दिलेला शब्द तीस वर्षं पाळला. धक्का मात्र ओसरलेला नाही. तो गाण्याचा नाहीच आता.

त्या दिवशी मी फाटक लावत होते तेव्हा मागून आईचा आवाज येत होता. ती पप्पांना ओरडून सांगत होती, की पत्र लिहिलं त्याच हिवाळ्यात तिला टायफॉइड झाला होता, एकवीस दिवस मिलिटरी हॉस्पिटलात होती आणि प्रज्ञाला शेजारच्या बाईंकडे ठेवलं होतं. शेजारच्या काकूंकडे राहिलेले ते दिवस मला आठवतात. आई मामाच्या गावाला गेलीय, असं मला सांगितलं होतं.