पणजी सुईण होती

संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार: मी इथल्या मराठी मंडळाकडे माहिती लेखी दिली. जबाबदार मी. होळीचा आठवडा: ती माहिती माझ्या संमतीवाचून बदलण्यात आली. जबाबदार माझा सख्खा चुलतभाऊ, मंडळाचा विद्यमान अध्यक्ष. गुढीपाडव्याचा रविवार: बदललेला मजकूर ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या सभागृहात सर्वांसमक्ष लावण्यात आला. जबाबदार तोच, आणि सारे ठाऊक असून गप्प राहिलेली त्याची कार्यकारिणी.

प्रदर्शनाचा विषय होता पूर्वजांचे व्यवसाय. मी लिहिले होते, 'पणजी: सुईण.' फलकावर मराठीत आणि इंग्रजीत छापले होते, 'पणजी: स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर.'

ही बाई मी पाहिलेली आहे. म्हातारपणीही ती रोज संध्याकाळी धुण्याच्या दगडावर नखे घासत बसे. कशाला, असे मी एकदा विचारले, तर म्हणाली, "लेकराच्या टाळूला ओरखडा नको रं बाबा." बोलावणे आले की ती मागल्या दाराने त्या घरात जाई आणि मागल्याच दाराने बाहेर पडे. सुटका नीट झाली तर खण, नारळ आणि सूपभर ज्वारी मिळे. ती उठून गेली की ती बसलेली जागा शेणाने सारवून घेत. मूल तिच्या हातांवर यायला हरकत नव्हती. त्या घरचा तांब्या मात्र तिला शिवता येत नसे. हे सारे मी फलकासाठी लिहून दिले होते. यातले एक अक्षरही छापले गेले नाही.

माझी नात ह्यूस्टनच्या एका इस्पितळात मिडवाइफ आहे. लहानपणापासून माझ्या पणजीच्या गोष्टी ऐकून तिने हा पेशा निवडला, असे ती सर्वांना अभिमानाने सांगत असे. पाडव्याला ती ड्यूटी संपवून थेट सभागृहात आली, फलक वाचून माझ्याकडे वळली.

"आजोबा, इट सेज डॉक्टर."

"सुईण होती. मिडवाइफ."

"मग हे कोणी लिहिलं? ऑर डिड यू मेक द मिडवाइफ पार्ट अप फॉर मी?"

मी तडक अध्यक्षांकडे गेलो. ते श्रीखंडाच्या टेबलापाशी होते.

"दादा, आज सण आहे यार. नंतर बोलू ना."

"आत्ता बोल."

"अरे, सुईण म्हटलं की लोक पुढचं विचारतात. कुठली, कोणाची. पोरांना काय काय एक्स्प्लेन करायचं? डॉक्टर म्हटलं की विषय क्लोज."

"ती तुझीही पणजी आहे."

"म्हणून तर अपग्रेड केली!"

आजूबाजूचे हसले. कोण कोण हसले, ते माझ्या ध्यानात आहे.

त्यानंतर मी पत्रे पाठवली. प्रत्येक पत्राची प्रत कार्यकारिणीच्या प्रत्येक सदस्याला दिली. उत्तरादाखल त्याचा फोन आला: घरी ये, चहा घेऊ, मिटवून टाकू. मिटवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? ज्यांनी तिची जागा सारवली त्यांनी निदान तिला सुईण म्हणून तरी बोलावले. याने तेही पुसले, आणि वर मला खोटा साक्षीदार ठरवले. त्याच्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण मी न उघडता परत पाठवले आहे. त्याचा मला खेद नाही, पुढेही होणार नाही.

नात आता पणजीविषयी काही विचारत नाही. मी सांगू लागलो की "ओके आजोबा" म्हणते, रुग्णांच्या घाबरलेल्या नातेवाइकांना म्हणत असेल त्याच मऊ सुरात. ते दोन शब्द मला रोज नव्याने डिवचतात.

मला खाजगी दिलगिरी नको. फलक गुपचूप उतरवलेला तर मुळीच चालणार नाही. गणेशोत्सवात आरतीनंतर सभागृह भरलेले असताना अध्यक्षांनी माइकसमोर उभे राहावे आणि सांगावे: डॉक्टर हा शब्द कोणी लिहिला, कोणाला विचारून लिहिला, आणि ज्या बाईच्या हातांनी आपले घर जगले तिची त्यांना नेमकी कसली लाज वाटली? इंग्रजीत सांगावे. उत्तर मला नव्हे, माझ्या नातीला द्यायचे आहे.